आकडेवारीचे दप्तर आणि त्याची किल्ली

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी निवडलेला विषय प्रथमदर्शनी एखाद्या संगणक विभागाच्या अखत्यारीतला वाटेल. सरकारी पाहण्यांतून जमा झालेली मूळ कोष्टके विश्लेषण करणाऱ्यांना पाहू द्यावीत की नाहीत, आणि द्यायची तर कोणत्या अटींवर, हा तो विषय. माझ्या मते हा सत्तेच्या वाटपाचा प्रश्न आहे आणि म्हणूनच तो आपल्या चळवळीचाही आहे.

प्रथम तांत्रिक बाजू थोडक्यात पाहू. संगणकातील माहिती आज बहुतांशी कोष्टकांच्या रूपात साठविली जाते. या रचनेची उपपत्ती आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. कुटुंबांच्या पाहणीत एक आडवी ओळ म्हणजे एक कुटुंब आणि एक उभा रकाना म्हणजे त्या कुटुंबाला विचारलेला एक प्रश्न. कोष्टकात भर घालणे, दुरुस्ती करणे, नोंद पुसणे आणि नुसते वाचणे, या प्रत्येकाची परवानगी स्वतंत्रपणे देता येते. विश्लेषकाला केवळ वाचनाची परवानगी पुरते. नावपत्त्याचे रकाने झाकून उरलेले दाखविण्याचीही सोय असते. तेव्हा कोष्टके उघडली की माहितीत ढवळाढवळ होईल, ही सबब टिकण्यासारखी नाही.

या कोष्टकांचे मोल काय, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला दारिद्र्याचा अभ्यास याच पाहणीच्या प्रसिद्ध कोष्टकांवर उभा होता. दरडोई दररोज २,२५० उष्मांकांचा आहार हा निकष लावून, १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के जनता दारिद्र्यात असल्याचे त्यांनी दाखवून दिले. सरकारने जमविलेल्या आकड्यांतूनच सरकारच्या नियोजनाची उलटतपासणी झाली.

तथापि छापील कोष्टकांना एक मर्यादा असते. प्रश्न कोणते विचारायचे, हे कोष्टक आखणारा आधीच ठरवून ठेवतो. मराठवाड्यातील भूमिहीन आणि स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत धान्यावर किती खर्च होतो, हे राज्याच्या सरासरीवरून कळणार नाही. त्यासाठी एकेका कुटुंबाची ओळ पाहावी लागते आणि रकान्यांची नव्याने जुळणी करावी लागते. सरासरीचा आकडा जनतेला द्यायचा आणि मूळ ओळी स्वतःजवळ ठेवायच्या, याचा अर्थ उत्तर सांगायचे, परंतु गणित तपासू द्यायचे नाही.

ही केवळ काल्पनिक भीती नव्हे. २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने संमत करूनही रोखून धरला गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. लोकसभा निवडणूक आटोपल्यावर, ३१ मे २०१९ रोजी, अहवाल बाहेर आला. त्यात बेरोजगारीचे प्रमाण ६.१ टक्के होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष वृत्तपत्रातून फुटले. दरडोई मासिक वास्तव खर्च २०११-१२ मधील १,५०१ रुपयांवरून १,४४६ रुपयांवर घसरल्याचे त्यात म्हटले होते. आकडेवारीचा दर्जा सदोष असल्याचे कारण देऊन मंत्रालयाने ही पाहणी प्रसिद्ध न करण्याचा निर्णय जाहीर केला.

दर्जा सदोष असू शकतो, हे मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मान्य करतो. परंतु दोष आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? मूळ नोंदी उघड्या असत्या, तर देशातील अभ्यासकांनी त्या तपासल्या असत्या आणि मंत्रालयाचे म्हणणे खरे असते तर तेही सिद्ध झाले असते. प्रत्यक्षात २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ च्या पाहणीचे आकडे आपल्या हाती आले. मधल्या अकरा वर्षांत नोटाबंदी झाली, वस्तू व सेवा कर आला, महामारी आली. त्या काळात गरिबाच्या ताटात काय पडत होते, याविषयीचा वाद अपुऱ्या पुराव्यानिशीच लढावा लागला. २०२२-२३ च्या पाहणीत २,६१,७४६ कुटुंबे होती आणि तिच्या कुटुंबनिहाय नोंदी २०२४ साली खुल्या झाल्या, याचे स्वागत केले पाहिजे. मात्र जे एका वेळी मिळते आणि दुसऱ्या वेळी नाकारले जाते, त्याला हक्क म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू. सारेच उघडे करा, असे म्हणणेही बेजबाबदारपणाचे आहे. केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थींची नावे आणि आधार क्रमांक उघड झाल्याचे २०१७ साली समोर आले. नाव झाकले तरी लहान गावात जात, जमीन आणि कुटुंबाचा आकार यांवरून ओळख पटू शकते. म्हणून अशा नोंदींत गावाचे नावही झाकावे लागते. प्रश्नकर्त्याला विश्वासाने उत्तर देणाऱ्या मजूर स्त्रीचे संरक्षण हे आपले कर्तव्य आहे. सार्वजनिक पैशाच्या हिशेबाला मात्र वेगळा न्याय लावला पाहिजे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, तेव्हा हजेरीपटावरील नावे गावासमोर वाचल्यामुळेच खोटे मजूर उघडकीस आले. पाहणीत उत्तर देणाऱ्याचे नाव गुप्त राहावे. सार्वजनिक निधी कोणाच्या नावे खर्ची पडला, ते उघड व्हावे. खाजगीपणाच्या नावाखाली हा भेद पुसू देता कामा नये.

यातून आपल्या मागण्या स्पष्ट होतात. प्रत्येक सरकारी पाहणीच्या कुटुंबनिहाय नोंदी, ओळख झाकून, आधी जाहीर केलेल्या तारखेला खुल्या झाल्या पाहिजेत. ती तारीख मंत्र्यांच्या मर्जीवर वा निवडणुकीच्या वेळापत्रकावर अवलंबून नसावी. वाचनाची परवानगी विद्यापीठ, बँक आणि कामगार संघटना यांना सारख्याच अटींवर मिळावी. आणि सरकारला पाहणी सदोष वाटल्यास तिने दोष दाखवावेत, नोंदी दडवू नयेत.

अखेरची अपेक्षा आपल्याकडूनच आहे. दप्तर उघडले आणि वाचणारा कोणी नसला, तर त्या हक्काला अर्थ उरत नाही. प्रत्येक जिल्हा शाखेने निदान दोन तरुण कार्यकर्त्यांना ही कोष्टके वाचण्याचे शिक्षण द्यावे. पुढील मोर्चाच्या निवेदनात आपल्या जिल्ह्याविषयीचा जो आकडा जाईल, तो आपण स्वतः तपासलेला असावा. एवढा संकल्प या वर्गाने केला, तर आजची सकाळ कारणी लागली असे मी समजेन.