घरभाड्याचा प्रश्न आणि अर्थशास्त्राची कसोटी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



ज्ञातीच्या संमेलनात अर्थशास्त्रासारखा रूक्ष विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या ज्ञातीत गिरगाव-परळच्या चाळींतील भाडेकरू आहेत, तसे अशा चाळींचे मालकही आहेत, आणि दोघेही येथे एकाच पंक्तीस बसतात. भाडेकायद्यासंबंधीचा ठराव आज आपल्यापुढे यावयाचा आहे. त्यापूर्वी या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

राष्ट्राचे एकूण उत्पन्न, चलन, महागाई यांचा विचार स्थूल अर्थशास्त्र करते. सूक्ष्म अर्थशास्त्राची नजर त्याहून जवळची आहे. एखादे कुटुंब, एखादा दुकानदार किंवा घरमालक समोरची किंमत पाहून काय ठरवितो, हे ते पाहते. ही कसोटी सरकारी धोरणास लावली म्हणजे कायद्याचा हेतू चांगला आहे एवढ्यावर थांबता येत नाही. त्या कायद्यामुळे माणसे प्रत्यक्षात कशी वागू लागतात, हे विचारावे लागते.

मुंबईत भाडेनियंत्रण प्रथम १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आले. पुढे १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सामान्यतः प्रमाण भाडे ठरविले. घरांची टंचाई असताना कारकून वा गिरणीकामगार रस्त्यावर येऊ नये, हा त्यामागील हेतू थोर होता, आणि असंख्य कुटुंबांस त्याने आधार दिला, हे कोणी नाकारू नये.

परंतु टंचाईच्या काळापुरता केलेला हा उपाय वारंवार मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकला. भाडे गोठले, चुना, लोखंड आणि गवंड्याची मजुरी मात्र गोठली नाही. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली. भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणे आतबट्ट्याचे झाले, तेव्हा भांडवल मालकीच्या सदनिकांकडे वळले. उघडपणे वाढू न शकणारी किंमत पडद्याआडून वाढली. तिचेच नाव पागडी. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरविले होते, तरी ती थांबली नाही; अखेर १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. घराण्यातील मुलगा ठाण्यास नोकरीस लागला तरी गिरगावची खोली सोडीना, कारण ती सोडली तर तशी खोली पुन्हा मिळावयाची नाही. जीर्ण इमारतींचा भार शेवटी सरकारने उचलला. १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कक्षेत १९,६४२ इमारती आल्या.

मग कायदाच रद्द करावा काय? आमचे मत तसे नाही. चाळीस वर्षे एका जागी राहिलेल्या कुटुंबाची मुलांची शाळा, कामधंदा, शेजार सारे तेथेच गुंतलेले असते. त्याची ही अडचण ओळखून मालक मनमानी करू शकतो. तेथे केवळ मागणी-पुरवठ्यावर विसंबणे अन्यायाचे होईल. जागेची शाश्वती कायद्याने दिलीच पाहिजे. परंतु शाश्वती ही एक गोष्ट आणि कायमचे गोठलेले भाडे ही दुसरी. गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. नंतर ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने दरसाल शेकडा ४ वाढीची मुभा दिली. तथापि मुळातच २० रुपये असलेले भाडे या दराने चक्रवाढीने २५ वर्षे वाढविले, तरी ते ५३ रुपयांच्या आसपास जाते. एवढ्यात एका खोलीचे छप्पर तरी शाकारून होईल काय?

शिवाय ही सवलत भाडेकरूची ऐपत पाहत नाही. एकाच माडीवरील निराधार विधवेस आणि सधन व्यापाऱ्यास ती सारखीच मिळते, आणि तिचा भार एकट्या मालकावर पडतो; तो मालकही कधी कधी विधवाच असते. गरिबास साहाय्य करणे हे सर्व समाजाचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतून व्हावा आणि तो गरजू कुटुंबापर्यंतच पोहोचावा, हे आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

आणखी एक पक्ष येथे उपस्थितच नाही. तो म्हणजे गावाकडून पुढील वर्षी नोकरीसाठी येणारा आपलाच मुलगा. त्याच्यापाशी जुनी खोली नाही आणि पागडीस पैसाही नाही. मालकाची बाजू मालक मांडील, भाडेकरूची भाडेकरू मांडील. या मुलाची कोण मांडणार? म्हणून आमची विनंती एवढीच की, ठरावावर हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने तीन गोष्टी तपासाव्या: याचा खर्च कोण सोसणार, यामुळे कोणाचे वर्तन कसे बदलणार, आणि जो येथे नाही त्याच्या वाट्यास काय येणार. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मसुद्यात नसेल, तर ठराव कार्यकारिणीकडे परत पाठवावा, अशी आमची सूचना आहे.