हडल आला कुठून?

विकेट पडली की आपले खेळाडू खांद्यावर हात टाकून गोल करतात ना, तो हडल. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो कसा आला, ही गोष्ट मला भारी आवडते.

वॉशिंग्टनमध्ये गॅलॉडेट नावाचं छोटं विद्यापीठ आहे, कर्णबधिर विद्यार्थ्यांचं. तिथली टीम १८८३ पासूनची. पोरं मैदानात हातांच्या खुणांनी बोलायची. समोर ऐकू येणारी टीम असली तर मजाच! उघड डाव ठरवा, कुणाला कळतंय? पंचाईत व्हायची ती समोर दुसरी कर्णबधिर टीम आली की. ती सगळं वाचायची. म्हणून १८९४ च्या सुमारास क्वार्टरबॅक पॉल हबर्डने सगळ्यांना गोलात उभं केलं आणि खुणा आत लपवल्या. झाला हडल!

पुढे बरीच वर्षं मैदानाच्या कडेला मोठा ढोल असायचा. त्याचा ठोका अंगात जाणवला की डाव सुरू. ढोलपथकासमोर छातीत धडधडतं ना, तसं.

पण एक अडचण उरलीच. इतर कोच बाहेरून ओरडू शकतात. इथे क्वार्टरबॅकला मान वळवून कोचच्या हातांकडे बघावं लागायचं, तेवढ्यात समोर काय हललं ते सुटायचं. एनएफएलमध्ये तर १९९४ पासून हेल्मेटमध्ये रेडिओ आहे. गॅलॉडेटला डोळ्यासमोर डाव दाखवणारं हेल्मेट मिळालं २०२३ मध्ये, तेही आधी एकाच मॅचपुरतं. याला लोक ‘सोय’ म्हणतात. मी बरोबरी म्हणेन.

ती मॅच त्यांनी ३४-२० ने मारली, बरं का!