स्टेरॉइड उतरवताना



मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर अशा व्यासपीठांवरून दरवर्षी कुणी ना कुणी बोलतं. माझा आजचा विषय आजार नाही, स्टेरॉइड औषधं सोडण्याचा काळ आहे. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन. नावं अवघड वाटली तरी वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल, डेक्सोना, बेटनेसॉल ही दुकानातली नावं तुमच्यापैकी अनेकांच्या औषधाच्या डब्यात सापडतील. दमा, आमवात, ल्युपस, पेम्फिगससारखे त्वचेचे आजार, मूत्रपिंडाच्या विकाराने अंगावर सूज येणारी लहान मुलं, अशा किती तरी ठिकाणी या गोळ्या जीव वाचवतात. त्या सुरू कशा करायच्या हे आम्हाला कॉलेजात नीट शिकवतात. उतरवायच्या कशा, हे पुस्तकात दोन परिच्छेदांत आटपतं आणि रुग्णाचं मात्र वर्ष खातं.

या औषधाचा जन्मच चमत्कारासारखा झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला ‘संयुग ई’ टोचायला सुरुवात केली. काही दिवसांत ती चालू लागली. हेच पुढे कॉर्टिसोन म्हणून जगाला माहीत झालं. हेंच, ते संयुग वेगळं काढणारे एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधले टाडेउस राइखश्टाइन यांना १९५० साली नोबेल मिळालं. इतक्या झटपट नोबेल मिळाल्याची उदाहरणं थोडीच. पण इंजेक्शन थांबवलं की दुखणं परत येतं, हे हेंच यांनी तेव्हाच पाहिलं होतं. आणि १९५२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक मृत्यू छापून आला. चौतीस वर्षांचा माणूस, संधिवातासाठी कॉर्टिसोन चालू, शस्त्रक्रियेसाठी ते थांबवलेलं. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला आणि काही केल्या वर आला नाही. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. तेव्हापासून ‘स्टेरॉइड अचानक बंद करू नका’ हे वाक्य आमच्या धंद्यात आलं.

या ग्रंथी मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला असतात, प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. त्या कॉर्टिसॉल बनवतात, पहाटेपासून सकाळपर्यंत सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. शरीराची रोजची गरज साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी. बाहेरून चाळीस मिलिग्रॅम यायला लागलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी त्यांना हुकूम पाठवणंच थांबवते आणि त्या झोपी जातात. गोठ्यात वर्षभर बांधून ठेवलेला बैल पेरणीच्या दिवशी थेट तिफणीला जुंपला तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. ग्रंथींना परत कामाला लागायला काही महिने लागतात, कधी वर्षाच्या वर जातं. दहा-बारा दिवसांचा छोटा कोर्स असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. तीन-चार आठवड्यांच्या आत थांबलेली गोळी टप्प्याटप्प्याने कमी करायची गरज बहुधा नसते. हे मुद्दाम सांगतो, कारण दम्याच्या झटक्याला पाच दिवस गोळी दिली तरी घाबरून ती दुसऱ्या दिवशी टाकून देणारे लोक आपल्याकडे आहेत.

आता खरी अडचण. गोळी कमी करताना माणसाला जो त्रास होतो तो तीन वेगळ्या कारणांनी होऊ शकतो, आणि तिन्ही वेळा रुग्णाच्या तोंडी वाक्य एकच असतं: ‘डॉक्टर, अंग मोडून आलंय, उठवत नाही.’

पहिलं कारण, मूळ आजार परत डोकं वर काढतो. आमवात असेल तर बोटांचे सांधे सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, रक्ताच्या तपासणीत ईएसआर, सीआरपी वाढलेले दिसतात. दुसरं कारण, शरीराला जास्तीच्या डोसची सवय झालेली असते आणि तो घटला की ते कुरकुर करतं. अंगभर दुखतं पण सांधा सुजलेला नसतो. भूक मंदावते, झोप बिघडते, कातडीची सालपटं निघतात, रडू येतं. गंमत अशी की गोळी अजून शरीराच्या गरजेपेक्षा जास्त असतानासुद्धा हे होतं, म्हणून तपासण्या सगळ्या चांगल्या येतात आणि घरचे म्हणतात, हिला काही झालेलं नाही. तिसरं कारण सर्वांत धोक्याचं: ग्रंथी अजून झोपलेल्या आणि बाहेरचा पुरवठा कमी पडलेला. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, उलट्या, वजन उतरणं, रक्तदाब खाली.

पहिल्यात आजाराचा उपचार बदलावा लागतो. दुसऱ्यात बहुधा आहे त्या डोसवर थोडे आठवडे थांबावं, नाहीतर आधीच्या पायरीवर जावं, मग पुन्हा सावकाश उतरावं. तिसऱ्यात वाट पाहायचीच नाही. हा फरक रुग्णाने स्वतः ओळखावा अशी माझी अपेक्षा नाही. डॉक्टरने ओळखावा ही आहे, आणि त्यासाठी त्याने रुग्णाला उताणं झोपवून आणि उभं करून असा दोनदा रक्तदाब मोजावा. दोन मिनिटांचं काम आहे. गर्दीच्या ओपीडीत ते टळतं, हे मी आमच्याच लोकांबद्दल बोलतोय.

चाळीसवरून पस्तीसवर येणं म्हणजे आठवा हिस्सा कमी करणं. पाचवरून चारवर येणं म्हणजे पाचवा हिस्सा. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला पाच-पाच मिलिग्रॅम उतरतं, पण दहाच्या खाली एक मिलिग्रॅमसाठी काही आठवडे द्यावे लागतात. रुग्णांचा धीर सुटतो तो नेमका इथे. ‘आता एवढीशीच तर राहिली’ म्हणून शेवटच्या पाच मिलिग्रॅमवर गोळी सोडून देणारे फार. लहान ताकदीच्या गोळ्या तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत, मग गोळी अर्धी करावी लागते. त्यासाठी मेडिकलमधून कटर आणा, विळीवर चुरा होतो. गोळी सकाळी नाश्त्यानंतर एकदम घ्यावी. रात्री घेतली तर झोपही जाते आणि पहाटे जागी होणारी ग्रंथीही दबते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांचा अंमल दिवस-रात्र टिकतो, म्हणून त्यांवर असलेल्यांना आधी प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोनवर आणणं बरं. पाच मिलिग्रॅमच्या आसपास आल्यावर, आदल्या दिवसापासून चोवीस तास गोळी न घेता, सकाळी आठ-नऊला कॉर्टिसॉल तपासता येतं. दहा मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर गोळी थांबवता येते. पाचच्या खाली असेल तर चालू ठेवून काही महिन्यांनी परत तपासायचं. मधलं आलं तरी चालूच ठेवायची, आठवड्या-महिन्यांनी पुन्हा बघायचं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. स्टेरॉइडमुळे साखर वाढलेली असते, म्हणून मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन वाढवलेलं असतं. स्टेरॉइड उतरायला लागलं की साखरही उतरते, पण मधुमेहाचा डोस कुणी कमी करत नाही. मग एकादशीच्या उपवासाला किंवा रोजाच्या दुपारी घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आणि दोष स्टेरॉइड सोडण्याला दिला जातो.

कुणी म्हणेल, इतकं सगळं खेड्यात कसं जमायचं? जमतं. कुष्ठरोगात औषधं चालू असताना कधी कधी नसा सुजतात, हात-पाय लुळे पडण्याची भीती असते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने बारा आठवड्यांचा प्रेडनिसोलोनचा कोर्स आखून दिला: दोन आठवडे चाळीस, मग तीस, वीस, पंधरा, दहा, पाच, प्रत्येकी दोन आठवडे. काहींना त्याहून लांब कोर्स लागतो. पण गोळी सुरू करतानाच ती कधी आणि कशी संपणार, हे तिथे आठवड्यागणिक ठरलेलं असतं, आणि हे काम ग्रामीण आरोग्य यंत्रणेने वर्षानुवर्षं केलेलं आहे. मग आमवाताच्या आणि दम्याच्या रुग्णाला आपण नुसतं ‘हळूहळू कमी करा’ असं सांगून का पाठवतो? ‘हळूहळू’ हा डोस नव्हे. तारखा लिहून द्यायला हव्यात.

आता त्या लोकांकडे येतो, ज्यांना आपण स्टेरॉइड घेतोय हेच माहीत नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. कंबर आणि गुडघे दुखत असताना पहाटे फडावर उभं राहायचं तर काहीतरी लागतं. ते कागदाच्या पुडीत मिळतं: दोन-तीन रंगांच्या गोळ्या, नाव नाही, पाकीट नाही. कुणी ‘पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून सांधेदुखीचं चूर्ण विकतं. अशा चूर्णांत डेक्सामेथासोनसारखी औषधं मिसळलेली सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ओळखायची खूण सोपी: वर्षानुवर्षांचं दुखणं दोन दिवसांत गायब, भूक दुप्पट, गाल भरलेले, कातडीवर सहज काळे-निळे डाग. पुढे मांड्यांची ताकद जाते आणि उकिडवं बसलेलं माणूस हाताचा आधार घेतल्याशिवाय उठत नाही.

हंगाम संपतो, पुडी देणारा तिकडेच राहतो, आणि माणूस गावी येतो चैत्र-वैशाखात. जालन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पारा बेचाळीसच्या पुढे जातो. चक्कर, उलट्या, ग्लानी. सगळे म्हणतात, ऊन लागलं. सलाईन लावतात, थोडं बरं वाटतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. ऊन खरंच लागलेलं असू शकतं. पण अशा माणसाला ‘फडावर कसल्या गोळ्या घ्यायचात?’ हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा. ग्रंथी झोपल्या असतील तर सलाईनसोबत हायड्रोकॉर्टिसोनचं शंभर मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं. ते महाग नाही. संशय आला तर तपासणीची वाट न पाहता द्यावं.

पुडी घेणाऱ्याला रागावू नका, आणि त्याला पुडी फेकून द्यायलाही सांगू नका. ती घेऊन डॉक्टरकडे या. लपवाछपवीत अचानक थांबलेली गोळी ही चालू असलेल्या गोळीपेक्षा जास्त घातक ठरू शकते. भीतीपोटी औषध कसं सोडलं जातं, हे कोविडच्या काळात आपण जवळून पाहिलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने मृत्यू कमी होतात. व्हेंटिलेटरवरच्यांत तर सुमारे एक तृतीयांशाने. मग ते सरसकट, ऑक्सिजन लागत नसलेल्यांनाही दिलं गेलं, आणि २०२१ च्या मे महिन्यात काळी बुरशी आली. तिच्या उपचारांचा महात्मा फुले जन आरोग्य योजनेत समावेश झाल्याचं आपल्याच घनसावंगीचे तेव्हाचे आमदार आणि आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केलं होतं. त्यानंतर लोकांच्या मनात ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असं पक्कं बसलं आणि ज्यांना ते खरोखर लागत होतं त्यांनीही सोडलं. औषधाचं बेफाम वाटणं आणि त्याची बेफाम भीती, दोन्हींची किंमत रुग्णच मोजतो.

तीच भीती पंपाची. दम्याच्या पंपात स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि बरंचसं फुप्फुसातच काम करतं. तो नियमित घेतला तर गोळी कमी करता येते. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून पंप सोडून गोळीवर राहणं हा उलटा हिशोब आहे.

घरच्यांसाठी थोडं. गोळी उतरत असताना माणूस चिडतो, रात्री जागतो, काही जणांना जगणंच नकोसं वाटतं. हे शेवटचं कानावर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. ‘गोळ्या चालू होत्या तेव्हा तर सगळी कामं करायची’ हे वाक्य मी घरोघरी ऐकलं आहे, बहुतेक वेळा सुनेबद्दल. त्या कामांतलं निम्मं गोळीने केलेलं होतं. ते काम सहा महिने घरातल्या इतरांनी उचलावं. दुखणाऱ्यानेही पूर्ण अंथरूण धरू नये. संध्याकाळी मोतीबागेपर्यंत पायी जाऊन यावं, दूध, डाळी, अंडी पोटात जावीत, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आजारपणाचा नियमही पाठ करून ठेवा. गोळी चालू असताना, आणि बंद झाल्यावरही वर्षभर, ताप आला, दात काढायचा झाला, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण आलं, अपघात झाला, तर समोरच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी स्टेरॉइडवर आहे किंवा होतो. साध्या तापात चालू डोस दोन-तीन दिवस दुप्पट करावा लागू शकतो. किती, ते आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका. जिल्हा रुग्णालय आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं आहे; प्रत्येकाने संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाचाच रस्ता धरायची गरज नाही.

आणि येत्या दसऱ्यानंतर ज्यांच्या घरचे फडावर जाणार आहेत त्यांना विनंती. गाडी भरण्याच्या आधी डॉक्टरकडे जा. पूर्ण हंगामाच्या गोळ्या मोजून घ्या, कुठल्या तारखेला किती हे कागदावर लिहून घ्या, तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डासोबत ठेवा आणि टोळीतल्या आणखी एकाला दाखवून ठेवा. चिठ्ठी मराठीत मागा. कर्नाटकात जाणार असाल तर इंग्रजीतही लिहून घ्या, तिकडच्या डॉक्टरला वाचता आली पाहिजे.