निपचित देह, जागे मन



हात हलवला काय किंवा नुसते मनात हलवला काय, मेंदूचे बरेचसे तेच भाग कामाला लागतात. हे संकेत टिपून आज संगणकही चालवता येतो.

केंब्रिजमध्ये डॉ. ॲड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पाच महिने निपचित पडलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये मनातल्या मनात टेनिस खेळायला सांगितले. तिचा मेंदू धडधाकट माणसासारखाच उजळला! २००६ साली हे प्रसिद्ध झाले.

प्रत्येकच रुग्णाला असे कळत असेल असे नाही. पण कळतच नाही, असे धरू नये. केअर होममधल्या अबोल आजी-आजोबांशी मराठीत बोलत राहा. मंदिराच्या भेटसेवेसाठी महिन्यातून एक तास द्यावा, ही नम्र विनंती.