लेखक मुलांना भेटतो. पण कोणत्या मुलांना?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव अशा विषयांवर बोलण्याची सवय असलेल्या अर्थशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाने आज बालसाहित्याच्या मेळाव्यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु पुस्तक हीही एक वस्तू आहे. तिला किंमत आहे. ती काहींच्या हाती पडते आणि पुष्कळांच्या हाती पडत नाही. जेथे वाटपाचा प्रश्न येतो तेथे समाजवाद्याला बोलणे भागच आहे.

मुलांसाठी साहित्य-उत्सव भरविण्याची प्रथा आता आपल्या देशात रुजली आहे. केवळ मुलांसाठी असलेला ‘बुकारू’ हा उत्सव २००८ साली दिल्लीत सुरू झाला आणि पुढे इतर शहरांतही गेला. मराठीत बालकुमार साहित्य संमेलनांची परंपरा त्याहून जुनी आहे. लेखक येतो, गोष्ट सांगतो, मुले त्याला प्रश्न विचारतात, पुस्तकावर स्वाक्षरी घेतात. या भेटीचे मोल मी कमी लेखत नाही. लेखकाला प्रत्यक्ष पाहिल्यावर मुलाच्या ध्यानात येते की, पुस्तक हे आपल्यासारख्याच एका माणसाने खाडाखोड करून, कष्टाने लिहिलेले असते. ‘मग मलाही लिहिता येईल’ हा विचार तेथूनच सुरू होतो, आणि लोकशाहीच्या दृष्टीने तो मोलाचा आहे.

आपल्या चळवळीला ही गोष्ट नवी नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली; तिची रचनाच मुळी रात्री जमलेल्या श्रोत्यांना सांगितलेल्या गोष्टींची आहे. १९५० साली गुरुजी गेले. त्यांच्यामागे प्रकाशभाई मोहाडीकर आणि त्यांचे सहकारी यांनी साने गुरुजी कथामाला उभी केली. तिला मंडप लागत नसे, प्रायोजक लागत नसे. शाळेचा एखादा वर्ग, एक सतरंजी आणि जीव ओतून गोष्ट सांगणारा माणूस, एवढ्या भांडवलावर ती चाले. भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ मासिक चालविले, लीलावतीबाईंनी आकाशवाणीवरून मुलांशी संवाद साधला. या सर्वांना श्रोता म्हणून मूल हवे होते. गिऱ्हाईक म्हणून त्याचा विचार नंतरचा.

आजच्या उत्सवांची घडण वेगळी आहे आणि तिची कारणे आर्थिक आहेत. बाजारात गरज मोजली जात नाही, मागणी मोजली जाते. आणि मागणी म्हणजे खिशातल्या पैशाचे पाठबळ असलेली गरज. धडगावच्या मुलाला पुस्तकाची गरज पुण्याच्या मुलापेक्षा कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण बाजाराच्या वहीत तिची नोंद होत नाही. उत्सवाचा खर्च जर पुस्तकविक्रीतून, शाळांच्या शुल्कातून किंवा जाहिरातीतून निघायचा असेल, तर उत्सव जेथे खरेदीची ताकद आधीच आहे तेथेच भरणार. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. उलट अनेक आयोजक महापालिकेच्या शाळांतून लेखकांना आवर्जून नेतात, हेही मान्य केले पाहिजे. पण तो त्यांच्या सद्भावनेचा भाग झाला. व्यवस्थेचा कल दुसरीकडे आहे.

लेखकाच्या बाजूनेही हिशेब करून पाहा. शंभर रुपयांचे पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के मानधन असे धरले, तर सारी आवृत्ती खपल्यावर लेखकाला दहा हजार रुपये मिळतात. आणि आवृत्ती खपायला कधी कधी वर्षे लागतात. अशा माणसाने स्वखर्चाने एस.टी.चा प्रवास करून दोन दिवस अक्कलकुव्याला घालवावेत, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? प्रकाशकाची अडचणही खरी आहे. छापील पुस्तक वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, पण पुस्तकाच्या कागदावर कर आहे. आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळेच कागदावर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. तो कर शेवटी किमतीत शिरतो आणि ज्या पालकाला ती किंमत परवडत नाही, त्याचे मूल वाचनापासून दूर राहते.

आता कालगणनेकडे या. गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला. शाळांची स्नेहसंमेलने, ग्रंथोत्सव, साहित्य संमेलने हीही बहुतेक हिवाळ्यातच. नेमक्या याच काळात बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांची मुले गावात नसतात. मुकादमाकडून उचल घेतलेले आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात. मागे सांभाळणारे कोणी नसले की मूलही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसते. त्यानंतरचे चार-पाच महिने त्याचा मुक्काम कोपीत. धाकट्या भावंडाला राखणे, पाणी भरणे, वाढे गोळा करणे हे त्याचे काम. आपण गुरुजींच्या प्रतिमेला हार घालतो त्या दिवशी, ज्या मुलासाठी गुरुजींचा जीव तुटला असता ते मूल उसाच्या फडात असते. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला जागा नाही, कारण तारीख ठरविताना आपल्याला त्याची आठवणच होत नाही.

दुसरे उदाहरण लहान शाळांचे. २०२३ साली राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आणला आणि त्याला महाराष्ट्रभर विरोध झाला. पटसंख्येच्या निकषावर शाळा तोट्यात दाखविता येते, तसेच वाचनालयही तोट्यात दाखविता येईल. वाडीवरची शाळा गेली, तर तेथे लेखकाने बसावे तरी कोठे?

उत्सव संपल्यावर मागे काय राहते, ही मला खरी कसोटी वाटते. नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेल्या जेला लेपमन दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत परतल्या आणि १९४६ साली त्यांनी म्युनिकमध्ये निरनिराळ्या देशांतून मागविलेल्या बालपुस्तकांचे प्रदर्शन भरविले. शहर ढिगाऱ्यात होते, लोकांना अन्नाची भ्रांत होती. पण त्या प्रदर्शनातून १९४९ साली तेथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले, ते आजही आहे. आपल्याकडे केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९७० मध्ये ‘युरेका’ हे मुलांचे विज्ञानमासिक सुरू केले. मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ने १९८५ मध्ये ‘चकमक’ काढले आणि मुलांच्या स्वतःच्या लेखनाला व चित्रांना त्यात हक्काची जागा दिली. येथे लेखकाची भेट एका दिवसापुरती राहिली नाही. मूल पुढे वाचत राहील आणि लिहीत राहील, याची सोय झाली.

आपण काय करू शकतो? मी चार सूचना मांडतो.

पहिली : लेखक येण्याच्या महिनाभर आधी त्याची पुस्तके त्या शाळेत पोहोचावीत. दहा प्रतींनी वर्गाचे काम भागते. पुस्तक न वाचता झालेली भेट म्हणजे पाहुण्याचे दर्शन. त्यातून संवाद होत नाही.

दुसरी : लेखकाचे मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवून द्यावा. कामाचा मोबदला मागणाऱ्या चळवळीने लेखकाकडून फुकट काम घेऊ नये.

तिसरी : महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते. आपापल्या तालुक्यातील ग्रंथालयात मुलांचा विभाग खरोखर उघडा असतो काय, की कपाटाला कुलूप आहे, हे प्रत्येक शाखेने जाऊन पाहावे आणि त्याचा पाठपुरावा करावा. हे धरणे-मोर्च्याइतकेच राजकीय काम आहे.

चौथी : येत्या गळीत हंगामात कथामालेचे निदान काही कार्यक्रम कारखान्यांच्या तळांवर, कोप्यांजवळ, संध्याकाळी व्हावेत. आदिवासी भागात गोष्ट आधी पावरीत किंवा वारलीत सांगणारा स्थानिक माणूस लेखकाच्या शेजारी असावा. म्हणजे मुलाला आपली बोली घराबाहेर ठेवून यावे लागणार नाही.

‘उपाशी मुलाला आधी भाकरी, मग गोष्ट’ असे कोणी म्हणेल. भाकरीचा लढा आपण सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पण ज्यांच्या घरी भाकरीची ददात नाही, ते आपल्या मुलांना गोष्टीसाठी थांबवून ठेवीत नाहीत. मग श्रमिकांच्याच मुलांनी क्रमाने का जगावे? बालपण तेवढे थांबत नाही. लढा जिंकेपर्यंत ती मुले कोयता हाती घेण्याच्या वयाला आलेली असतात.

हंगाम सुरू होण्यास अजून अवधी आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने एक कारखाना, एक ग्रंथालय आणि एक लेखक निश्चित करून या वर्गातून परतावे, एवढीच माझी विनंती आहे.