विसरण्याची धास्ती

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें यमक साधलें खरें, पण पुढच्या साऱ्या वृद्धांच्या जिवाला घोर लावून ठेवला. पासष्टी-सत्तरीचीं कितीतरी माणसें आज अशीं आढळतात कीं, चष्मा कोठें ठेवला हें आठवेना झालें कीं त्यांच्या काळजांत धस्स होतें. चाळिशींत असाच विसर पडे तेव्हां ‘आज डोकें ठिकाणावर नाहीं’ म्हणून तींच माणसें हंसून मोकळीं होत. आतां तोच विसर एखाद्या दुर्धर रोगाचा सांगावा वाटतो. अशा श्रोत्यांशीं, आणि त्यांच्या मुलासुनांशींहि, आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

भीति ज्या रोगाची वाटते तो काल्पनिक नाहीं. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनीं १९०६ सालीं ट्युबिंगन येथें एका स्त्री-रुग्णाची हकीकत मांडली आणि तिच्या मेंदूंत आढळलेले बदल वर्णिले. पुढें त्या रोगाला त्यांचेंच नांव पडलें. त्याला ‘म्हातारपणच तें’ म्हणून धकवून नेणें बरें नाहीं. परंतु तो सर्वांनाच गांठतो, असेंहि नाहीं. आपल्या देशांतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत साठ व त्यापुढील वयाच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण शेंकडा सुमारें ७.४ निघालें. वयाबरोबर हें प्रमाण चढत जातें, हें मी लपवीत नाहीं. तथापि म्हणीनें शंभरांतल्या शंभरांना जी शिक्षा ठोठावली आहे ती हिशेबाला धरून नाहीं.

मग बाकीच्यांना विसर कां पडतो? स्मृति म्हणजे एकच कोठी नव्हे. सकाळची गोळी घेतली कीं राहिली, याचा घोळ घालणाऱ्या आजीबाई लहानपणीं पाठ केलेलें स्तोत्र न अडखळतां म्हणतात, आणि पुरणाचा अंदाज त्यांच्या हाताला अजून अचूक असतो. अमेरिकेंत सिॲटल येथें १९५६ सालीं सुरू होऊन अनेक दशकें चाललेल्या अभ्यासांतहि याला जुळेल असेंच आढळलें: वेग आधीं मंदावतो, शब्दज्ञान मात्र साठीनंतरहि बराच काळ टिकतें. नवी गोष्ट आंत शिरावयास आणि आंतली बाहेर यावयास वेळ लागतो, एवढेंच बहुधा घडत असतें.

यांतहि माणसांचीं नांवें सर्वांत दगा देतात. त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. इंग्लंडांत १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचें आडनांव व धंदा सांगण्यांत आला. धंदे लोकांच्या ध्यानांत राहिले, आडनांवें निसटलीं. एकच शब्द आडनांव म्हणून सांगितला असतां निसटे आणि धंदा म्हणून सांगितला असतां राही. आपल्याकडचें उदाहरण घ्या. एखादे गृहस्थ सुतारकाम करतात असें कळलें कीं रंधा, करवत, भुशाचा वास सारें मनांत उभें राहतें; त्यांचें आडनांव ‘सुतार’ आहे असें कळलें तर मनाला धरावयास कांहींच सांपडत नाहीं. तेव्हां लग्नघरीं जुन्या स्नेह्याचें नांव ओठांवर येऊन अडलें, तर खुशाल ‘आपलें नांव?’ म्हणून विचारावें. समोरचाहि बहुधा आपलें नांव आठवीत असतो.

चष्म्याची गोष्ट वेगळी. तो ठेवतांना आपलें लक्षच नसतें. जें मनांत शिरलेंच नाहीं तें आठवणार कोठून? आणि लक्षाचा मोठा शत्रु म्हणजे धास्ती. अमेरिकेंतील एका प्रयोगांत (तो २००३ सालीं प्रसिद्ध झाला) कांहीं वृद्धांना वयोमानानें स्मृति ढासळते अशा आशयाचा मजकूर आधीं वाचावयास दिला. नंतर त्यांना शब्दांची यादी आठवावयास सांगितली, तेव्हां उत्साहवर्धक मजकूर वाचलेल्या वृद्धांपेक्षां त्यांना कमी शब्द आठवले. म्हणून घरांतल्या तरुण मंडळींना माझी विनंति अशी कीं, आल्यागेल्यासमोर ‘बाबा, ओळखा पाहूं हे कोण?’ अशी परीक्षा घेऊं नये. हा खेळ मला निर्दय वाटतो. पाहुण्यांचें नांव आपणच सहज उच्चारावें, म्हणजे झालें.

डॉक्टरांकडे केव्हां जावें, हें मात्र स्पष्ट सांगितलें पाहिजे. रोजच्या वाटेवर चुकणें, तोच प्रश्न तासाभरांत पुनः पुनः विचारणें, जन्मभर केलेला घरखर्चाचा हिशेब आतां न जमणें, हीं लक्षणें दिसलीं तर दिरंगाई नको. विशेषतः तीं घरच्यांच्या नजरेस आलीं असून स्वतःला त्यांचा पत्ता नसेल तर मुळींच नको. कित्येकदां सुधारण्याजोगें कारण सांपडतें. बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज अन्नांतून मिळतें. त्यामुळें शाकाहारी घरांत त्याची उणीव पुष्कळ आढळते, आणि ती साध्या रक्ततपासणीनें कळते. थायरॉइड ग्रंथीची मंदगति, अपुरी झोंप, मनाची खिन्नता, यांनींहि स्मृति मलूल होते. कानांचेंहि तसेंच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारीं जीं १४ टाळण्याजोगीं कारणें सांगितलीं, त्यांत वाढलेला रक्तदाब, एकलकोंडेपणा यांच्याबरोबर ऐकूं कमी येणें हेंहि आहे. चष्मा लावण्यांत आपल्याला कमीपणा वाटत नाहीं. कानाच्या यंत्राचीच लाज कां वाटावी, तें मला कळत नाहीं.

डॉक्टरांकडे जातांना चालूं असलेलीं सारीं औषधें पिशवींत घालून न्यावींत. झोंपेच्या गोळ्या, आणि सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या, यांनीं वृद्धांच्या स्मृतीवर झांपड येऊं शकते. मात्र त्या आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नयेत. घरांतलें एक माणूस बरोबर असावें, आणि विसर केव्हांपासून व कशाचा पडतो हें आदल्या रात्रीं कागदावर टिपून ठेवावें.