उत्तर कोणाचं, शेरा कोणाचा?

शाळेत तपासणीला साहेब येतात, तो प्रसंग शिक्षक मंडळींना काही नवा नाही. मुलगा फळ्यावर गणित सोडवतो आणि साहेब मधूनमधून बोलत असतात, "थांब", "पुढं चल", "ही झाली बारावी पायरी". आता समजा, बाजूला बसलेल्या कारकुनानं मुलाची उत्तरं आणि साहेबांचे शेरे एकाच वहीत, कोण बोललं ते न लिहिता, उतरवून काढले. संध्याकाळी ती वही तुमच्या हाती आली, तर मुलाला गुण किती द्याल?

संगणकावर असा घोटाळा नेहमी होतो. संगणकाला द्यायच्या सूचना क्रमानं लिहिल्या, की त्याला प्रोग्राम म्हणतात. त्यात चूक राहिली, तर ती हुडकायला दुसरा एक प्रोग्राम असतो, तो डीबगर. आपण त्याला तपासनीस म्हणू. तो मूळ प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवतो, एकेक पायरी चालवतो, आत कोणता आकडा आहे ते दाखवतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा असाच एक तपासनीस. तो आजही वापरात आहे आणि फुकट मिळतो. पण मुद्दाम वेगळी व्यवस्था केली नाही, तर तो आणि तपासला जाणारा प्रोग्राम दोघेही एकाच पडद्यावर लिहितात.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलानं दुधाच्या हिशेबाचा प्रोग्राम केला होता. बेरीज यायला हवी होती ४१८ लिटर. तपासनिसाबरोबर एकेक पायरी चालवताना पडद्यावर दिसलं ४१८१२! पोरगं घाबरलं. बेरजेच्या सूचना खोडून पुन्हा लिहू लागलं, आणि बरोबर असलेली बेरीज त्यानं खरोखरच बिघडवली. झालं होतं काय? प्रोग्रामनं ४१८ हा आकडा ताबडतोब बाहेर टाकला, पण ओळ संपल्याची खूण द्यायची राहून गेली. तपासनिसानं पुढच्या ओळीचा क्रमांक, म्हणजे १२, तिथंच चिकटवून लिहिला. उत्तर मुलाचं, शेरा साहेबांचा, आणि शिक्षा मात्र निर्दोष बेरजेला.

ही अडचण मोठमोठ्यांनाही आली आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स ही प्रणाली सुरू झाली. पुढं १९७० च्या दशकात तिथं छपाईची अक्षरजुळणी प्रकाशाच्या साहाय्यानं करणारं यंत्र आलं. कागद रसायनातून काढून हाती यायला काही मिनिटं लागत. तिथले स्टीफन जॉन्सन यांनी सांगितलं आहे, की एका दुपारी कित्येकांनी एवढी खटपट केली आणि कागदावर सुबक अक्षरांत उमटली एकच ओळ : अमुक फाइल उघडता येत नाही! निरोप माणसासाठी होता, तो गेला छापखान्यात. कुरकुर झाली आणि थोड्याच दिवसांत तक्रारीच्या निरोपांना स्वतंत्र वाट मिळाली. तेव्हापासून पहिल्या क्रमांकाच्या वाटेनं उत्तर जातं, दुसऱ्या क्रमांकाच्या वाटेनं तक्रार.

मग आपण काय करावं? सोपा उपाय असा. जीडीबीमध्ये प्रोग्राम सुरू करण्याची आज्ञा आहे 'रन'. तिच्यापुढं गणितातलं 'पेक्षा मोठे' हे चिन्ह काढावं आणि एखाद्या फाइलचं नाव द्यावं. प्रोग्रामचं उत्तर त्या फाइलीत जातं, तपासनिसाचे शेरे पडद्यावर राहतात. प्रोग्रामच्या तक्रारीही वेगळ्या हव्या असतील, तर त्याच चिन्हाआधी अंतर न सोडता २ हा आकडा लिहून दुसरी फाइल द्यावी.

दुसरा उपाय दोन खिडक्यांचा. पडद्यावर आज्ञा देण्याची आणखी एक खिडकी उघडावी, तिथं 'टीटीवाय' असं टंकावं. ती आपला पत्ता सांगते. मग तिथं 'स्लीप' आज्ञा आणि मोठा आकडा देऊन तिला निजवून ठेवावं, नाहीतर टंकलेली अक्षरं मध्येच तीच उचलते. आता जीडीबीला 'टीटीवाय' म्हणून तो पत्ता द्यावा आणि 'रन' म्हणावं. एका खिडकीत मुलगा, दुसरीत साहेब!

एक सावधगिरी मात्र बाळगा. पडद्यावर लिहिताना प्रोग्राम सहसा ओळ संपली की ती बाहेर टाकतो. फाइलीत लिहिताना तसं करत नाही. पोतं भरल्याशिवाय गाडीत टाकू नये, तसा तो मजकूर साठवून ठेवतो. म्हणून मध्येच थांबवलेल्या प्रोग्रामची फाइल रिकामी दिसली, तर 'हा काही बोललाच नाही' असं म्हणू नका. सी भाषेत साठा रिकामा करण्याचं काम 'एफफ्लश' करतं. ते जीडीबीतूनही करवून घेता येतं.

शिक्षक मंडळींना एवढंच सांगणं, की मूल रडवेलं होऊन चुकीचं उत्तर दाखवायला आलं, तर खोडरबर हाती देण्याआधी त्याला विचारा, "बाळ, यातलं तुझ्या प्रोग्रामनं काय लिहिलं?" त्या मुलाला हा प्रश्न मी दोन दिवस उशिरा विचारला. तुम्ही आधी विचारा.